सणांचा खर्च आणि शेतकऱ्याचे कोठार

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. गोंदिया तालुक्यातील बिरसी हे गाव आज विमानतळामुळे दूरवर ओळखले जात असले, तरी तेथील संसाराचे गणित अद्याप बांधीतील धानावरच बसते. आषाढात रोवणी, श्रावण-भाद्रपदात निंदणी, आश्विनात हलक्या धानाची कापणी व कार्तिकात भारी धानाची कापणी, असा हा क्रम आहे. सणांचा क्रमही याच वेळी चालू असतो. श्रावण अमावास्येस पोळा व दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतो. त्यामागून गणपती, दसरा व दिवाळी येतात, आणि दिवाळी आटोपली की गावोगावच्या मंडया सुरू होतात.

या दोन क्रमांत एक विसंगती आहे. धान कापून, चुरून, वाळवून, विकून पैसा हाती येतो तो दिवाळीनंतर; खर्च मात्र पोळ्यापासूनच सुरू होतो. रोवणी, मजुरी व खत यांत हातचा पैसा संपलेला असतो, अशा वेळी सण दारात उभे राहतात. शेतकरी उधळ्या आहे म्हणून नव्हे, तर खर्चाची वेळ व आवकीची वेळ जुळत नाही म्हणून सणासाठी कर्ज होते. ही गोष्ट नीट ध्यानात घेतल्यास उपायही सापडतो.

जुना अनुभव

१८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. त्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. शेतकऱ्यांच्या कर्जास लग्नकार्ये व सणवार यांवरील उधळपट्टी कारणीभूत आहे, असे तेव्हा सर्रास म्हटले जात असे. आयोगाचे मत निराळे पडले. या खर्चास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. तो कर्जात भर घालतो, पण कर्जाचे मूळ क्वचितच असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. भंडारा-गोंदियाचा मुलूख जेव्हा मध्य प्रांतात होता, तेव्हा १९३३ साली तेथे कर्ज-तडजोडीचा कायदा करावा लागला होता. यावरून कर्जाचा प्रश्न किती जुना आहे हे दिसून येते.

तात्पर्य, सण बंद करा असे शेतकऱ्यास सांगण्यात अर्थ नाही. वर्षभर चिखलात राबणाऱ्या कुटुंबास चार दिवस आनंदाचे हवेतच. प्रश्न सणाचा नसून, सणासाठी पैसा कोठून व कोणत्या भावाने उभा केला जातो, याचा आहे.

चार क्विंटल की पाच क्विंटल?

उदाहरणार्थ, बिरसीतील पाच माणसांच्या एका कुटुंबाचा सणांचा खर्च पुढीलप्रमाणे आहे असे समजू: पोळा १,००० रुपये, दिवाळीचे कपडे ४,००० रुपये, फराळ २,००० रुपये, दिवे व फटाके ५०० रुपये, मंडईचे पाहुणे २,००० रुपये; एकूण ९,५०० रुपये.

२०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरविण्यात आला. या भावाने चार क्विंटल धानाचे ९,४७६ रुपये होतात. म्हणजे सणांचा जवळजवळ सर्व खर्च चार क्विंटलांत भागतो. आता असे धरा की, खरेदी केंद्र सुरू होण्यापूर्वी पैशाची निकड लागली व ओले धान १,९०० रुपयांनी विकावे लागले. तोच खर्च भागविण्यास पाच क्विंटल जातात. या पाच क्विंटलांची आधारभूत भावाने किंमत ११,८४५ रुपये होते. म्हणजे ९,५०० रुपयांचा सण कुटुंबास २,३४५ रुपयांनी महाग पडला. जादा गेलेल्या पैशात ना एक करंजी अधिक झाली, ना एक कपडा अधिक आला.

उसनवारीचेही तसेच आहे. दरमहा शेकडा ५ रुपये व्याजाने १०,००० रुपये काढून ते पाच महिन्यांनी फेडले, तर २,५०० रुपये नुसते व्याज पडते. धान्याच्या दिढीने घेतलेले एक पोते तर कापणीला दीड पोते होऊन परत जाते.

पैसा कसा राखावा

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे येत्या सणांची तरतूद मागील हंगामाच्या पैशातून करणे. धानाची रक्कम बँकेत जमा होताच चार क्विंटलांचे पैसे निराळ्या बचत खात्यात ठेवावेत व पोळ्यापर्यंत त्यांस हात लावू नये. ज्या घरी मजुरी, दूध किंवा विडीकामाची आवक वरचेवर येते, त्यांनी दरमहा ८०० रुपये बाजूस टाकल्यास बारा महिन्यांत ९,६०० रुपये होतात. महिला बचत गटात असलेल्या गृहिणीस हे विशेष सोपे जाते. अडचणीच्या प्रसंगी गटाचे कर्जही बाहेरच्या उसनवारीपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते.

पीककर्जाचा पैसा सणात घालू नये. तो खत, बियाणे व मजुरीसाठी आहे. महाराष्ट्रात ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळतो. मुदत चुकल्यास ही सवलत हातची जाते.

खाजगी कर्ज घेण्याची पाळी आलीच, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ ठाऊक असावा. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्यास दिलेल्या कर्जावर व्याजाची मर्यादा तारण असल्यास वर्षाला शेकडा ९ व तारण नसल्यास शेकडा १२ अशी ठरविण्यात आली. चक्रवाढ व्याज घेता येत नाही, आणि व्याजाची एकूण रक्कम मुद्दलाहून अधिक होऊ शकत नाही. तक्रार असल्यास तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात करावी.

घाईची विक्री टाळावी

आधारभूत खरेदीसाठी धानातील ओलावा शेकडा १७ पेक्षा अधिक असून चालत नाही. कापल्याबरोबर धान चुरून विकण्याची घाई केल्यास ओलाव्याच्या सबबीखाली भाव पाडला जातो. म्हणून कडपा चांगल्या वाळू द्याव्यात, चुरणीनंतर धान ताडपत्रीवर पसरून उन्ह द्यावे व रात्री झाकून ठेवावे. सात-बारा व बँकेचे कागद घेऊन केंद्रावरील नोंदणी वेळेत करावी. दिवाळीची तरतूद आधीच झालेली असेल, तरच हा धीर धरता येतो.

सणावारी काटकसर

पोळा हा बैलांचा सण आहे. खांदशेकणीला लागणारे तेल-हळद घरचेच असते. झूल व घुंगरमाळा जपून ठेवल्यास वर्षानुवर्षे पुरतात. वेसण व कासरा मात्र झिजल्यास नवा घ्यावा, कारण ती गरज आहे. शिंगांना व अंगाला लावावयाच्या रंगांत तैलरंग टाळून गेरू वापरावा. वाचलेल्या पैशातून पेंड आणल्यास बैलास अधिक सुख होते. तान्ह्या पोळ्यास लाकडी नंदी एकच नीट राखावा. बोजारा घरच्या खाऊचा द्यावा. मुलांच्या आनंदात त्याने उणेपणा येत नाही.

दिवाळीच्या फराळात तांदूळ व पोहे ही या भागाची मुख्य सामग्री आहे. अनारसे, चकल्या व चिवडा यांस लागणारा तांदूळ वा पोहे घरच्या धानाचे होतात. विकत घ्यावे लागते ते मुख्यतः तेल, साखर व डाळ. चार-पाच घरांनी मिळून तेलाचा १५ किलोचा डबा गोंदियाच्या बाजारातून आणून वाटून घेतल्यास बहुधा सुट्या खरेदीपेक्षा स्वस्त पडतो. एकत्र फराळ केल्याने सरपण व श्रमही वाचतात. कपडे घेताना मुलांचे प्रथम घ्यावेत आणि शाळेत व कामावर चालतील असेच निवडावेत. हप्त्याने वस्तू घेताना सर्व हप्ते व शुल्क यांची बेरीज करावी व ती रोख किमतीशी ताडून पाहावी.

मंडईचा खर्च सर्वांत फसवा असतो, कारण तो यादीत धरला जात नाही. आप्तेष्ट येतात, गोवाऱ्यांचा नाच होतो, रात्री दंडार किंवा नाटक असते. झाडीपट्टीचे हे वैभव टिकले पाहिजे. परंतु शेजाऱ्याने केले म्हणून ऋण काढून पंगत मोठी करणे पाहुण्यासही रुचत नाही, कारण त्याच्या गावची मंडई आल्यावर तीच परतफेड त्याला करावी लागते. नातलगांनी आपसांत साध्या जेवणाचा पायंडा पाडल्यास दोन्ही घरांचे ओझे हलके होते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. सणांची यादी व रक्कम पोळ्यापूर्वीच घरातील स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून ठरवावी.
२. मंडईचा खर्च त्या यादीत आवर्जून धरावा.
३. मागील धानाच्या पैशातून चार क्विंटलांची रक्कम राखून ठेवावी.
४. उभे पीक किंवा ओले धान सणासाठी विकू नये.
५. पीककर्ज मुदतीत फेडावे.
६. प्रत्येक खर्च रुपयांबरोबर धानाच्या क्विंटलांतही मोजावा.

शेवटची सूचना साधी आहे, पण तिचा उपयोग मोठा आहे. रुपया हातातून सहज सुटतो. एक क्विंटल धानामागील रोवणी, निंदणी व कापणी मात्र घरातील प्रत्येकास आठवते. हे माप नजरेसमोर ठेवून केलेली दिवाळी लहान होत नाही, आणि फाल्गुनात तिची परतफेड करण्याची पाळीही येत नाही.