सेवानिवृत्तांची तात्पुरती नेमणूक : काम, मुदत आणि मानधन

ग्वाल्हेर शहरातील दोन कार्यालयांचे उदाहरण घेऊ. महालेखापालांचे कार्यालय केंद्राच्या अखत्यारीत येते, तर दुसरे कार्यालय मध्य प्रदेश शासनाचे आहे. पहिल्या कार्यालयातील कर्मचारी वयाच्या ६० व्या वर्षी निवृत्त होतो, दुसऱ्यातील ६२ व्या. केंद्राने १९९८ साली ही मर्यादा ५८ वरून ६० वर नेली. मध्य प्रदेशाने २०१८ साली ती ६० वरून ६२ केली. एकाच शहरात दोन वये असू शकतात, याचा अर्थ निवृत्तीचे वय हा शासनाने ठरविलेला नियम होय. त्या दिवशी माणसाचे कसब संपते, असे नव्हे.

कसबाची गरज कोठे पडते?

ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराचा मराठी पत्रव्यवहार मोडी लिपीत चाले. ती लिपी आज फार थोड्यांना वाचता येते. महाराष्ट्रात २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दफ्तरे वाचण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मोडीच्या जाणकारांची गरज भासली. असे काम काही महिन्यांत पुरे होते. त्यासाठी कायम पद निर्माण करणे उचित नव्हे. लेखापरीक्षणातील प्रलंबित आक्षेप, जुनी विभागीय चौकशी, अभिलेखांची वर्गवारी ही कामेही याच जातीची आहेत. महाराष्ट्र शासनाच्या आदेशांत अशा कामास 'विवक्षित काम' म्हणतात.

मानधन कसे ठरते?

केंद्रीय वित्त मंत्रालयाने डिसेंबर २०२० मध्ये यासंबंधी एकसारखी पद्धत घालून दिली. निवृत्तीच्या वेळच्या वेतनातून मूळ निवृत्तिवेतन वजा करावयाचे. उरेल ती रक्कम दरमहा मानधन म्हणून द्यावयाची. समजा, अखेरचे मूळ वेतन ७०,००० रुपये व निवृत्तिवेतन ३५,००० रुपये आहे. तर मानधन ३५,००० रुपये होईल. निवृत्तिवेतनाच्या काही भागाचे अंशराशीकरण केले असले, तरी वजावट संपूर्ण मूळ निवृत्तिवेतनाची होते. करार काळात वार्षिक वेतनवाढ मिळत नाही.

खाजगी क्षेत्रातील कामगाराची स्थिती वेगळी असते. भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरली. एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून तो पुन्हा कामास लागतो. वय झाले एवढ्याच कारणावरून त्यास किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देता येत नाही, हे मालकाने व कामगारानेही ध्यानी ठेवावे.

तरुणांचा प्रश्न

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागी, नियमित भरती होईपर्यंत, निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर नेमण्याचे ठरविले. वयाची कमाल मर्यादा ७० वर्षे होती. वर्गात शिक्षक नसण्यापेक्षा अनुभवी शिक्षक असणे विद्यार्थ्यांच्या हिताचे, यात शंका नाही. परंतु डी.एड., बी.एड. होऊन भरतीची वाट पाहणाऱ्या उमेदवारांनी यास विरोध केला, आणि त्यांची शंका अनाठायी नव्हती. नियमित भरती लांबली की तात्पुरती सोय कायमची होऊन बसते आणि पुढच्या पिढीची जागा अडते.

आदेशात काय असावे?

म्हणून नेमणुकीचा आदेश लेखी असावा व त्यात चार बाबी स्पष्ट असाव्यात : नेमके काम, आरंभ व समाप्तीचा दिनांक, मानधन, आणि त्या काळात कोणास काम शिकवावयाचे. शेवटची बाब बहुधा राहून जाते. मोडी वाचणाऱ्या वृद्धाजवळ एक तरुण बसविला, तर दफ्तर वाचून होईल आणि वाचणाराही तयार होईल. निवृत्तांनीही दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला वेळेवर सादर करावा. नवे काम मिळाले म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

ग्रामपंचायत असो, शाळा असो वा कचेरी, ज्या आदेशात समाप्तीचा दिनांक नाही, त्यावर सही करण्यापूर्वी संबंधितांनी तो अवश्य विचारावा.