बंदुकीचा टेकू कोठे असावा?

गेल्या वर्षी आपल्या छात्रसेनेच्या तुकडीला नेमबाजीच्या मैदानावर नेण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी कला शाखेचा पदवीधर. बंदुकीची माहिती मला पुस्तकापुरती आणि गणिताशी सख्य बेताचेच. त्या दिवशी एका विद्यार्थ्याच्या पाचही गोळ्या निशाणाच्या मधल्या वर्तुळापासून दोन-तीन बोटे वर गेल्या. गुण वर्तुळांवरून मोजावयाचे होते, त्यामुळे त्याच्या वाट्याला फार थोडे आले. "तुझे लक्ष नाही," असे मी त्याला चारचौघांत बोललो. तो काही बोलला नाही.

तेवढ्यात शिकवावयास आलेले सुभेदार त्याचा कागद हातात घेऊन म्हणाले, "सर, पोराचा हात चांगला आहे. पोतं चुकलंय."

मी नीट पाहिले. पाचही भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळजवळ होती. लक्ष नसलेल्या मुलाच्या गोळ्या चहूकडे विखुरल्या असत्या. त्याच्या तशा नव्हत्या. त्याने वाळूचे पोते थेट बंदुकीच्या उघड्या नळीखाली सरकवले होते. सुभेदारांनी ते मागे ओढून नळीखालच्या लाकडाखाली ठेवले. पुढच्या पाच गोळ्या मध्यावर गेल्या. परंतु वहीत गुण लिहिले गेले होते ते पहिल्या कागदाचे, आणि निवड त्यांच्यावरूनच झाली.

आमच्या घरी कोकणी बोलतात. तिच्यात टेकूला 'तेंको' म्हणतात. तो तेंको एक वीतभर पुढेमागे झाल्याने एवढा फरक कसा पडावा, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. विज्ञानाच्या शिक्षकांना गाठून मी जे समजून घेतले, ते येथे सांगतो.

लांब काठीचा झेला घेऊन आंबे उतरविताना आपण काय करतो ते आठवा. डावा हात उजव्या हाताजवळ धरला, तर झेल्याचे टोक सारखे डोलते. डावा हात पुढे सरकवला की टोक स्थिर होते. बंदुकीचेही असेच आहे. ती दोन ठिकाणी टेकलेली असते, मागे खांद्याला तिचा दस्ता आणि पुढे पोते किंवा दोन पायांचा आधार. या दुपायी आधाराला लष्करात बायपॉड म्हणतात. दस्त्यापासून बायपॉड ५० सेंटिमीटरवर आहे असे धरा. श्वासाने खांदा एक मिलिमीटर हलला, तर २५ मीटरवरील निशाणावर ५० मिलिमीटरची चूक होते. तोच बायपॉड ८० सेंटिमीटरवर नेला, तर खांद्याच्या तेवढ्याच हालचालीने ३१ मिलिमीटरची चूक होते. त्रैराशिक मांडून पाहा, उत्तर हेच येईल.

आता वजन पाहू. बंदूक ४ किलोची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य दस्त्यापासून ५० सेंटिमीटरवर आहे असे समजा. बायपॉड नेमका त्याच बिंदूखाली लावला, तर सगळे ४ किलो त्याच्यावर पडतात आणि खांद्याकडे काहीच भार उरत नाही. बंदूक तराजूच्या दांडीसारखी होते, बोट लागले तरी झुलते. बायपॉड ८० सेंटिमीटरवर नेल्यास त्याच्यावर अडीच किलो आणि मागे दीड किलो भार येतो, व बंदूक दोन्हीकडे नीट बसते.

मग आधार नळीच्या अगदी तोंडाशीच का लावू नये? प्रथम मलाही तसेच वाटले होते. पण गोळी सुटते तेव्हा नळी छेडलेल्या तारेप्रमाणे थरथरते. ती कठीण वस्तूवर टेकलेली असेल, तर ही थरथर बिघडते आणि नळी टेकलेल्या बाजूपासून दूर उसळते. टेकू खाली असला की गोळी वर जाते. त्या मुलाच्या गोळ्या एकत्र राहूनही वर का गेल्या, याचा उलगडा मला येथे झाला. म्हणूनच अचूक नेमाच्या बंदुकांत नळी फक्त मागच्या टोकाला घट्ट बसवतात, बाकीची मोकळी ठेवतात. बायपॉड नळीला न लावता तिच्याखालच्या लाकडाच्या किंवा धातूच्या भागाच्या पुढच्या टोकाला लावतात. तो भागही भक्कम हवा, नाहीतर भाराने वाकून नळीला लागतो आणि मूळ दोष परत येतो.

दुसरी अडचण बंदूक वळविण्याची. बायपॉडभोवती बंदूक १० अंश फिरवावयाची, तर ८० सेंटिमीटरवर आधार असताना खांदा सुमारे १४ सेंटिमीटर सरकवावा लागतो. ५० सेंटिमीटरवर असताना सुमारे ९ सेंटिमीटर पुरतात. स्थिर निशाणाला पुढचा आधार बरा, हलत्याला मागचा. दुसऱ्या महायुद्धातील जर्मनांच्या एम.जी. ३४ या मशीनगनला याच कारणाने बायपॉड लावण्याच्या दोन जागा ठेवल्या होत्या. एक पुढे स्थैर्यासाठी आणि एक मध्यावर, जास्त रुंद टापू आवाक्यात यावा म्हणून.

आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तेव्हा ब्रेन गनचे नाव येथल्या पुष्कळ घरांत ऐकलेले असेल. चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो आणि इंग्लंडातील एनफील्ड या दोन गावांच्या नावांतून 'ब्रेन' हा शब्द बनला. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींकडे हीच गन होती. तिची नळी तापली की काढून दुसरी बसवीत. तिचा बायपॉड नळीला जोडलेला नव्हता, तर नळीखालच्या वायूच्या नळकांड्याला जोडलेला होता. त्यामुळे नळी काढली तरी गन आपल्या पायांवर उभी राही. अमेरिकेने १९५७ साली स्वीकारलेल्या एम ६० या मशीनगनमध्ये मात्र बायपॉड नळीलाच लावला होता. नळी बदलताना पायही नळीबरोबर निघून येत आणि सैनिकाला बाकीची तापलेली गन हातात तोलून धरावी लागे. पुढच्या सुधारित आवृत्तीत तो मागे, गनच्या मुख्य भागावर नेण्यात आला. कागदावर आखताना ही गोष्ट कोणाच्या ध्यानात कशी आली नाही, याचे मला नवल वाटते. बहुधा आखणाऱ्याने तापलेली नळी स्वतः कधी बदलली नसावी.

ही कल्पना नवी मुळीच नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातील शिपाई जड तोड्याची बंदूक डागताना जमिनीत रोवलेल्या दुबेळक्याच्या काठीवर नळी टेकवीत. आपल्या बखरींतून जेजाला आणि सुतरनाळा हे शब्द येतात. सुतरनाळ म्हणजे उंटाच्या पाठीवर फिरत्या खिळीवर बसविलेली लहान तोफ. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अब्दालीच्या सैन्यात अशा उंटांवरच्या तोफा पुष्कळ होत्या. तेथे टेकू जिवंत होता आणि चालूही शके!

याच्या अगदी उलट गोष्ट ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दिसते. तेथे बायपॉड किंवा पोते चालत नाही. पालथे पडून नेम धरतानाही आधार आपल्याच हाताचा आणि दंडाला अडकवलेल्या पट्ट्याचा. पुढच्या हाताचा कोपरापासूनचा भाग जमिनीशी निदान ३० अंशांचा कोन करून उभा असला पाहिजे असा नियम आहे. म्हणजे बायपॉडची जागा शोधण्याऐवजी तळहाताची जागा शोधावयाची! कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. निपाणीच्या पलीकडे फार दूर नव्हे, अशा मुलखातील ही माणसे आहेत.

छात्रसेनेतील मुलांसाठी आता कामाची गोष्ट. पोते नळीखाली न ठेवता नळीखालच्या लाकडाखाली ठेवा. पहिल्या गोळीला जेथे ठेवले, तेथेच पाचव्या गोळीपर्यंत राहू द्या. कागद हाती आला की गोळ्या मध्यापासून किती दूर गेल्या हे नंतर पाहा, आधी त्या एकमेकींपासून किती दूर आहेत ते पाहा. आणि हे सारे मैदानावर, शिकविणाऱ्यांच्या देखरेखीखाली आणि त्यांची आज्ञा झाल्यावरच.

त्या विद्यार्थ्याला मी दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांसमोर सांगितले की चूक त्याची नव्हती, माझी होती. पोते मी तपासावयास हवे होते. तो हसला आणि म्हणाला, "सर, मला वाटलं होतं पुढे ठेवलं की जास्त घट्ट बसेल." त्याचे निम्मे बरोबरच होते. या वर्षी तो पुन्हा निवडीला बसला आहे. त्याचा गेल्या वर्षीचा पहिला कागद, ती पाच जवळजवळची भोके असलेला, माझ्या कपाटात आहे.