शिरस्त्राणाची प्रतिकृती, पोस्टर मात्र अस्सल

प्रश्न : प्राचीन ग्रीक शिरस्त्राणे आणि जुन्या रॉक बँडची पोस्टर्स, दोन्हींचे मला वेड आहे. मी अभ्यासक नाही, नुसता हौशी. घरात एखादी अस्सल वस्तू असावी असे वाटते. काय घ्यावे?

उत्तर : पोस्टर अस्सल घ्या, शिरस्त्राणाची मात्र प्रतिकृतीच. शिरस्त्राणाचे निम्मे मोल ते कुठे सापडले यात असते. ऑलिंपियाच्या संग्रहालयात कोरिंथियन घडणीचे एक शिरस्त्राण आहे : ब्राँझचा पत्रा ठोकून घडवलेले. मिल्टियाडीसने ते झ्यूसला अर्पण केल्याचे त्याच्या कडेवर कोरले आहे. ते ऑलिंपियाच्या देवस्थानातच मिळाले, म्हणून मॅरेथॉनच्या लढाईतील सेनापती मिल्टियाडीसशी त्याचे नाते विश्वासाने जोडता येते. चोरट्या खोदकामातून आले असते, तर त्या अक्षरांवरच संशय घेतला गेला असता. ‘वस्तू बाजारात आलीच आहे, मी न घेतल्याने काय फरक पडतो?’ असे कुणी म्हणेल. फरक पडतो, तुमच्याच पैशांवर पुढचा खड्डा खणला जातो. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या १९७०च्या युनेस्को करारापूर्वीची कागदपत्रे असलेली शिरस्त्राणे विक्रीला येतात हे खरे, पण ती कागदपत्रे पारखणे हौशी माणसाचे काम नव्हे.

पोस्टरचे तसे नाही. वेस विल्सनने १९६६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहासाठी केलेली, ज्वाळांसारख्या वळणाऱ्या अक्षरांची पोस्टर्स मुळात जाहिरातीसाठीच छापली होती. ती घेतल्याने कुठलाही इतिहास उखडला जात नाही. पुढे त्यांची पुनर्मुद्रणेही निघाली, तेव्हा प्रत कितव्या छपाईची आहे हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.