एका वेळी एकच भाग

'डार्क शॅडोज' ही अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवरची दुपारची मालिका. २७ जून १९६६ला सुरू झाली, २ एप्रिल १९७१ला संपली, भाग १,२२५. मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट हे काल्पनिक किनारी गाव, तिथला कॉलिनवुड वाडा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पापं पोटात घालून बसलेलं कॉलिन्स घराणं. न्यू जर्सीत आमचा छोटा गट ही मालिका क्रमाने पाहतो आणि भागागणिक बोलतो. गटातले बहुतेक जण सत्तरीच्या आसपासचे, म्हणजे शाळा सुटली की दप्तर टाकून टीव्हीसमोर बसणारी तेव्हाची मुलं. मी मतकरी-धारपांच्या गूढकथांवर वाढलेली. या गप्पांतून हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

१. एका बैठकीत एकच भाग पाहावा.

भाग जेमतेम बावीस मिनिटांचा. बऱ्याचदा त्यात दोन माणसं दिवाणखान्यात बोलतात, तिसरं दाराआडून ऐकतं, संपलं. सलग पाच भाग पाहिले की फक्त कथानक लक्षात राहतं. एकच पाहिला की जोन बेनेट दिसते. चाळीसच्या दशकातली ही हॉलिवुडची मोठी नायिका इथे वाड्याची मालकीण एलिझाबेथ झाली आहे, अठरा वर्षं वाड्याबाहेर पाऊल न टाकलेली. समोरचा बोलत असताना ती कशी ऐकते, ते पाहण्यासारखं आहे.

२. पुढचं माहीत असलेल्याने तोंड मिटून बसावं.

आमच्याकडे हा नियम कडक आहे आणि त्याची किंमत मला भाग २१० पाहताना कळली. हा भाग १७ एप्रिल १९६७चा, कृष्णधवल. विली लूमिस हा भुरटा चोर दागिन्यांच्या लोभाने कॉलिन्स घराण्याच्या दफनघरात शिरतो. तिथल्या गुप्त खोलीत साखळदंडांनी जखडलेली शवपेटी आहे. आत दागिने असणार, या हिशेबाने तो साखळ्या तोडतो, झाकण उचलतो आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो. भाग तिथेच संपतो. चेहरा नाही, नाव नाही. दुसऱ्या दिवशीच्या भागात झूल असलेला कोट घातलेला, हातात काठी घेतलेला एक अदबशीर गृहस्थ वाड्याच्या दारात उभा राहतो आणि इंग्लंडहून आलेला चुलतभाऊ म्हणून ओळख सांगतो: बार्नाबस कॉलिन्स.

तो व्हॅम्पायर आहे हे आज सगळ्या जगाला माहीत आहे. मालिकेत मात्र तो शब्द कित्येक महिने कुणी उच्चारत नाही. म्हणून आम्हीही गप्पांत तो वापरत नाही. त्यामुळे बोलणं पडद्यावर जे दिसलं त्यालाच धरून राहतं: त्याचं जुन्या वळणाचं बोलणं, भिंतीवरच्या पूर्वजाच्या तसबिरीशी त्याचं साम्य, आणि त्याला पाहून विलीची उडणारी गाळण.

३. चुका पाहाव्यात, पण तिथेच अडकू नये.

माइकची सावली भिंतीवर पडते, थडगी हलतात, नट वाक्य विसरतात. आठवड्याला पाच भाग, मॅनहॅटनमधला स्टुडिओ, सकाळी तालीम आणि दुपारी टेपवर सलग चित्रण. टेप कापून जोडणं तेव्हा महागडं नि किचकट होतं, त्यामुळे चूक झाली तरी प्रवेश पुढे रेटायचा. आपल्याकडे ज्यांनी संगीत नाटकांचे दौरे पाहिलेत त्यांना हे लगेच समजेल.

जोनाथन फ्रिड हा मूळचा कॅनडाचा, शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेला रंगभूमीवरचा नट. रोजची वाक्यं पाठ करणं त्याला जड जाई आणि त्याची नजर टेलिप्रॉम्प्टर शोधत भिरभिरे. पण त्या नजरेनेच बार्नाबसला एक कासावीसपण दिलं, हे माझं ठाम मत आहे. काही आठवड्यांपुरतं आणलेलं हे पात्र जवळजवळ शेवटपर्यंत टिकलं, त्यात या नजरेचा वाटा मोठा आहे.

४. रॉबर्ट कोबर्टच्या संगीतासाठी एकदा डोळे मिटून भाग ऐकावा. जोसेट या पात्राच्या संगीतपेटीची धून आली की आमच्यातले बोलके लोकही थांबतात.

५. पात्राची बाजू घ्यावी, पण त्याचा गुन्हा विसरू नये.

आमचा सगळ्यात मोठा वाद इथे झाला. बार्नाबस गावातल्या मॅगी इव्हान्स या तरुणीला पळवून नेतो आणि कोंडून ठेवतो. तिने स्वतःला विसरून त्याची मेलेली प्रेयसी जोसेट व्हावं, हा त्याचा हट्ट. ज्यांनी लहानपणी बार्नाबसवर जीव टाकला होता त्यांना ते दुःखी प्रेम वाटतं. मला ते भाग पाहताना मॅगीच दिसत होती, आणि मी तसं बोलले. खोलीत बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं. चांगलं झालं.

मग ३६५वा भाग आला. प्लँचेटच्या बैठकीतून वाड्यातली तरुण शिक्षिका व्हिक्टोरिया विंटर्स थेट १७९५ सालात जाऊन पडते. तेच नट नव्या भूमिकांत दिसतात, आणि मॅगी करणारी कॅथरिन ली स्कॉटच आता जोसेट आहे. बार्नाबसने झिडकारलेली अँजेलिक त्याला शाप कसा देते हे पुढच्या भागांतून कळत जातं. त्याची कीव येते. तरीही मॅगीची कोठडी माझ्या मनातून पुसली जात नाही, आणि ती पुसली जाऊ नये असंच मला वाटतं. एका गृहस्थांनी त्यानंतर मॅगीचे सगळे भाग पुन्हा लावून पाहिले. त्यांचं मत बदललं नाही, पण आता ते तिचं नाव आधी घेतात.

६. वाड्यालाही पात्र समजावं. कॉलिनवुडचा बाहेरचा देखावा ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या खऱ्या हवेलीचा. 'रात्रीस खेळ चाले' या मराठी मालिकेतल्या आकेरीच्या वाड्याचे काही प्रवेश मी गटाला दाखवले, तेव्हा भाषा न कळताही त्यांनी आधी जिना नि माजघराकडे बोट दाखवलं.

७. जे ऐकलं, पाहिलं ते जपून ठेवावं.

१२१९ क्रमांकाच्या भागाची टेप हरवली. आज तो पाहता येतो याचं कारण एका चाहत्याने प्रक्षेपणाच्या वेळी घरी केलेलं ध्वनिमुद्रण. त्याला स्थिरचित्रांची जोड देऊन भाग पुन्हा उभा केला. म्हणून आमच्याकडे प्रत्येक बैठकीचं टिपण कुणीतरी घेतंच.

८. नवा माणूस आला तर त्याला २१०पासून बसवावं. आधीचे २०९ भाग संथ आहेत, आणि सुरुवातीलाच ते दाखवले तर निम्मे लोक गळतात. बार्नाबसची चटक लागली की मग मागे जाऊन आगगाडीतून कॉलिन्सपोर्टला निघालेली व्हिक्टोरिया पाहावी. गटातल्या दोघांना हा क्रम अजिबात मान्य नाही. ते नव्या माणसाला पहिल्या भागाचीच डीव्हीडी देतात.