लॅपटॉप घेताय? आधी सिलॅबस उघडा!

कॅप राऊंडमध्ये नंबर लागला, फी भरली, होस्टेलची खोली मिळाली, की घरात पुढचा प्रश्न तयारच असतो : "आता लॅपटॉप कोणता घ्यायचा?" आमच्या कळमनुरीत अ‍ॅडमिशनचा सीझन आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. पोरगं फायनल इयरला आहे, त्यात कॉम्प्युटर ब्रँचचं, म्हणजे याला सगळं कळत असणार असा लोकांचा समज! त्यांना जे सांगतो तेच इथं जरा सविस्तर लिहितो. फर्स्ट इयरच्या मित्रांना उपयोग होईल, आणि शेवटी सरांसाठीही एक विनंती आहे.

सुरुवात पैशापासून करू, कारण आमच्याकडे सगळं तिथूनच सुरू होतं. दुकानात 'बरा' म्हणून जो लॅपटॉप दाखवतात तो साठ हजारांचा धरा. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे हा एक लॅपटॉप झाला सव्वाअकरा क्विंटल सोयाबीनचा. कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल पडले तर दोन एकरांचं पीक, तेही बियाणं, खत, फवारणी, काढणी काही वजा न करता. आणि मोंढ्यात हमीभाव मिळतोच असं नाही. हळदवाल्यांचं गणित थोडं वेगळं. क्विंटलला बारा हजार भाव धरला तर पाच क्विंटल हळद. पण हळद विकली जाते उन्हाळ्यात, सोयाबीन येतं दसरा-दिवाळीला, आणि अ‍ॅडमिशन नेमकी या दोन्हींच्या मधे! हातात पैसा नसण्याचे हे दिवस. म्हणून मग हप्त्यावर किंवा उसनवारीवर लॅपटॉप येतो, आणि पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत त्यावर सिनेमेच जास्त बघितले जातात. (होस्टेलवाल्यांनी उगाच इकडं-तिकडं बघू नये!)

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "बजेट किती?" मला हा प्रश्नच उलटा वाटतो. आधी किंमत ठरवायची आणि त्यात बसेल ते यंत्र घ्यायचं, याचं एक मोठं उदाहरण आपल्या देशातच आहे. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत 'आकाश' टॅबलेट निघाला. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता. त्या किमतीत बसलं काय, तर ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोट दाबून चालवायचा सात इंची रेझिस्टिव्ह स्क्रीन. तो संथ चालतो अशी ओरड झाली. पुढं आयआयटी मुंबईकडं काम आलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेला 'आकाश २' आला. त्यात रॅम दुप्पट आणि स्क्रीनही चांगला होता. तरी विद्यार्थ्यांच्या हाताला तो पाहिजे तसा बसलाच नाही. हेतू चांगला होता, पण "यावर विद्यार्थी नेमकं काय करणार?" हा प्रश्न किमतीच्या मागं राहिला.

तर मग काम काय आहे ते बघू. फर्स्ट इयरला मॅथ्स, फिजिक्स-केमिस्ट्री, मेकॅनिक्स, ग्राफिक्स. ग्राफिक्सची शीट बहुतेक ठिकाणी अजून ड्राफ्टर-पेन्सिलनंच काढावी लागते. राहिलं प्रोग्रामिंग. सी किंवा पायथनचे फर्स्ट इयरचे प्रोग्रॅम दहा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपवरसुद्धा चालतात. त्यासाठी लॅब आहे. म्हणून माझा सल्ला असा, आणि तो ऐकून बरीच मुलं नाराज होतात : घरची ओढाताण असेल तर पहिल्या सेमिस्टरला लॅपटॉप घेऊच नका. दिवाळीनंतर घ्या. तोवर सोयाबीन विकलेलं असतं आणि आपल्या ब्रँचला काय लागतं तेही सीनियर्सकडून कळलेलं असतं. अपवाद कॉम्प्युटर-आयटीवाल्यांचा, त्यांना रोज हात चालवायचा असतो, त्यांनी लवकर घेतला तर ते मी समजू शकतो.

सेकंड इयरपासून मात्र ब्रँचप्रमाणे वाटा फुटतात. सिव्हिलला ऑटोकॅड, स्टॅड प्रो, रेव्हिट. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स, अ‍ॅन्सिस. यातलं बहुतेक फक्त विंडोजवर चालतं. (ऑटोकॅडची मॅकसाठी आवृत्ती आहे, पण सॉलिडवर्क्स आणि रेव्हिटची नाही. तेव्हा मामानं अमेरिकेतून मॅकबुक आणला तरी मेकॅनिकलच्या मुलानं हुरळून जाऊ नये.) मोठी थ्री-डी असेंब्ली फिरवायची असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड कामाला येतं. ईएनटीसीवाल्यांचं दुखणं निराळं, त्यांना जागा लागते. व्हीएलएसआयसाठीचं विवाडो एकटंच शंभर जीबीच्या घरात जागा खाऊ शकतं, त्यांनी ५१२ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. इलेक्ट्रिकलला मॅटलॅब-सिम्युलिंक, ते मध्यम मशीनवर नीट चालतं. केमिकलला डीडब्ल्यूसिम नावाचं फुकट आणि चांगलं सॉफ्टवेअर आहे, आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पानं ते बरंच पसरवलंय. कॉम्प्युटरला अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर एकत्र चालवायचे तर सोळा जीबी रॅम पाहिजे. मशीन लर्निंगसाठी महागडं ग्राफिक्स कार्ड पाहिजेच असं काहींना वाटतं. शिकण्यापुरतं काम गूगल कोलॅबवर फुकटात होतं, फक्त नेट पाहिजे.

आता कॉन्फिगरेशन. एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर रॅमचे स्लॉट. आज विंडोज ११ आणि ब्राउझरच्या दहा टॅब उघडल्या की आठ जीबीतली निम्म्याहून जास्त रॅम तिथंच संपते. त्यामुळं सोळा बरी. पण २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटर्समुळं रॅमचे भाव चढले, सोळावालं मॉडेल बजेटबाहेर जाऊ शकतं. अशा वेळी आठ जीबी घ्या, पण स्लॉट मोकळा असलेलं. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते, ती कधीच वाढत नाही. दुकानातच टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, 'स्लॉट्स यूज्ड' असं लिहिलेलं दिसेल. दोनपैकी एक वापरात असेल तर पुढच्या वर्षी दुसरी घालता येईल. बोर्डवर बसवलेली रॅमसुद्धा तिथं कधी कधी स्लॉट म्हणून मोजली जाते, म्हणून मॉडेलचा नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर खात्री करा. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी तर हवीच, त्यावर वेगळं बोलायला नको.

प्रोसेसरच्या बाबतीत लोक 'आय फाईव्ह', 'रायझन फाईव्ह' एवढंच बघतात. खरी गंमत पुढच्या नंबरात असते. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा प्रोसेसरची पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, बघायला दहाचाच फरक! पण पहिला जुन्या झेन-२ रचनेचा, चार कोअरचा. दुसरा झेन-३ चा, सहा कोअरचा. स्टिकर दोन्हींवर एकच. शेवटचं अक्षरही बघा : 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी टिकते, 'एच' म्हणजे जोरदार, पण तापतो आणि बॅटरी लवकर संपते. गेमिंग लॅपटॉपचा मोह होतो हे मान्य. पण तो दोन-सव्वादोन किलोचा, त्याचं चार्जर विटेएवढं, आणि हे सगळं पाठीवर घेऊन एसटीत उभ्यानं वारंगा फाट्यापर्यंत जाऊन बघा!

मग डेस्कटॉप? तेवढ्याच पैशात जास्त ताकद मिळते, सुटा भाग बदलता येतो. एकेकाळी होस्टेलवर चौघांनी वर्गणी काढून असेंबल्ड पीसी घ्यायची रीतच होती. आजही रूम पार्टनर समजूतदार असतील आणि वॉर्डन सरांची परवानगी असेल तर वाईट नाही. पण युपीएसचा खर्च धरा, आणि सुट्टीत तो घरी नेता येत नाही हेही धरा.

सेकंडहँडबद्दल खूप जण विचारतात. कंपन्यांतून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप मजबूत असतात, माझ्या मते तंगीच्या घरासाठी हाच चांगला मार्ग. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढंच चालतं, टीपीएम २.० असेल तर. सहाव्या-सातव्या पिढीचा 'स्वस्तात आय सेव्हन' कोणी गळ्यात मारत असेल तर हात जोडा. ज्याला विंडोजची गरज नाही त्यानं उबंटू टाकून तो खुशाल वापरावा. बॅटरी बघायची असेल तर कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट निघतो. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरीचे पैसे भावातून कमी करायला लावा.

घरच्या विजेचंही बघावं लागतं. कळमनुरीतल्या जुन्या घरांतून अर्थिंग नसतं, तिसरी पिन नुसती शोभेची. मग मेटल बॉडीच्या लॅपटॉपला चार्जिंगवर हात लावला की मुंग्या येतात. लॅपटॉप खराब नाही, वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की चार्जर बोर्डातून काढून ठेवा. स्पाइक गार्ड जवळ पडलेल्या विजेला पुरत नाही. मोबाइलच्या नेटवर काम असेल तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, नाहीतर दिवसाचा डेटा विंडोजचे अपडेटच खातात. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल कॉलेजच्या नेटवर उतरवून घरी न्या, सी, लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.

वॉरंटी घेताना 'ऑनसाइट' आणि 'कॅरी-इन' यांतला फरक विचारा. कॅरी-इन म्हणजे आपणच सर्व्हिस सेंटरला जायचं. कळमनुरीकराला हिंगोलीत नाही भेटलं तर बाळापूर, अर्धापूर करत नांदेड गाठावं लागतं, एक दिवस गेला. ऑनसाइट असेल तर आपल्या पिनकोडला माणूस येतो का ते पैसे देण्याआधी विचारा, नंतर नाही. आणि दुकानदार "सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो" म्हणाला तर नको म्हणा. क्रॅक केलेल्या ऑटोकॅडबरोबर काय काय येतं ते आपल्याला दिसत नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना फुकट देतं, अ‍ॅन्सिसचीही स्टुडंट आवृत्ती आहे. अ‍ॅडमिशनचा पुरावा किंवा कॉलेजचा ई-मेल लागतो तो ऑटोडेस्कला, एवढंच.

आता सरांना विनंती. कोणत्या सेमिस्टरला कोणतं सॉफ्टवेअर लागेल, त्याला कमीत कमी किती रॅम आणि किती जागा, आणि त्यातलं किती काम लॅबमध्येच उरकतं, अशी पानभर यादी प्रत्येक डिपार्टमेंटनं अ‍ॅडमिशनच्या दिवशीच पालकांच्या हातात द्यावी, मराठीत. दुकानात जाताना बापाच्या खिशात ती असली तर "बजेट किती?" या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर राहील. दुसरं, होस्टेलच्या मुलांसाठी एक लॅब रात्री नऊपर्यंत उघडी ठेवता आली तर बघावं. तिथल्या जुन्या मशीन्सच्या हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्या तरी त्या आणखी दोन-तीन वर्षं सहज ओढतील. बसवायच्या कामाला आम्ही फायनल इयरवाले आहोत, शनिवारी दुपारनंतर कधीही हाक मारा.