न बोलणाऱ्या मुलाचे बोलके कागद

चार वर्षांचा मुलगा. हाक मारली तर वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, अजून 'आई' म्हणत नाही. मात्र हाती खडू लागला की भिंतीवर, फरशीवर, ताईच्या वहीवर एकच चित्र काढतो – छताचा पंखा. तीन पाती, मधली वाटी, वरचा दांडा. दिवसातून वीस वेळा तोच पंखा! घरातले वैतागतात. आजी म्हणते, "बोलायचं सोडून हे काय वेड घेतलंय पोराने!" आणि एके दिवशी खडूंचा डबा माळ्यावर जातो.

स्वमग्न मूल असलेल्या घरांत असे प्रसंग हमखास घडतात. तो डबा माळ्यावरून खाली का काढावा, हे आज पाहू.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा वेडाचा प्रकार नव्हे. मेंदूच्या वाढीतील हा वेगळेपणा जन्मापासून असतो. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या अभ्यासावरून त्याचे सविस्तर वर्णन केले. या मुलांना इतरांशी संवाद साधणे अवघड जाते, तीच ती कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते आणि आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास कमी किंवा फार जास्त होतो. काही मुले भरपूर बोलतात, तर काही मुळीच बोलत नाहीत.

यांपैकी अनेक मुलांना कानाने ऐकलेल्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले लवकर कळते. आपण खोली पाहतो, तेव्हा त्यांना पंख्याच्या पात्यावरचा खिळाही दिसतो. म्हणूनच शब्दांची वाट बंद असली, तरी रेषेची वाट उघडी असू शकते.

पहिला शब्द – 'कागद'

लंडनचे चित्रकार स्टीफन विल्टशायर यांचा जन्म १९७४ सालचा. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास त्यांना स्वमग्नता असल्याचे निदान झाले. ते बोलत नसत. विशेष मुलांच्या शाळेत त्यांना एकच गोष्ट आवडे, ती म्हणजे चित्रे काढणे. आधी प्राणी, मग लंडनच्या बसगाड्या, मग इमारती. शिक्षकांनी एक युक्ती केली. चित्रांचे साहित्य थोडा वेळ बाजूला ठेवले, म्हणजे ते मागण्यासाठी तरी मुलगा तोंड उघडेल. आणि त्याने पहिला शब्द उच्चारला – 'कागद'.

पुढे ते बोलायला शिकले. २००५ साली त्यांनी हेलिकॉप्टरमधून टोकियो शहर पाहिले आणि नंतर केवळ आठवणीवरून दहा मीटर लांबीच्या कॅनव्हासवर ते रेखाटले. २००६ साली ब्रिटनने कलेतील कामगिरीसाठी त्यांना एमबीई हा किताब दिला.

शिक्षकांनी साहित्य काढून घेतले आणि आपणही घेतो. पण त्यात फरक आहे. त्यांनी ते घेतले मुलाने मागावे म्हणून, आपण घेतो मुलाने थांबावे म्हणून.

यश एकाच मापाने मोजू नका

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील जेसिका पार्क यांचा जन्म १९५८ सालचा. त्या काळी आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल स्वमग्न होते, असे अनेक तज्ज्ञ मानत. जेसिकाच्या आई क्लारा पार्क यांनी १९६७ साली 'द सीज' हे पुस्तक लिहून मुलीला वाढवतानाची खरी हकीकत जगापुढे मांडली. आईला दोष देणारे ते मत पुढे पूर्णपणे खोटे ठरले. जेसिका यांना रेडिओच्या तबकड्या आणि विजेचे हीटर यांचा नाद होता. घरच्यांनी तो नाद मोडला नाही, त्याची चित्रे करू दिली. पुढे त्यांनी काढलेली रंगीबेरंगी घरे आणि ताऱ्यांनी भरलेली आकाशे लोक विकत घेऊ लागले. शिवाय त्यांनी एका महाविद्यालयाच्या टपाल खोलीत अनेक वर्षे नोकरी केली.

इंग्लंडमधील नादिया (१९६७–२०१५) हिची कहाणी वेगळी आहे. अवघ्या साडेतीन वर्षांची असताना ती थक्क करणारे घोडे काढी. थोडे बोलू लागल्यावर मात्र तिची चित्रे हळूहळू कमी झाली. भाषा आल्यामुळे चित्रे गेली का, यावर तज्ज्ञांमध्ये बरीच चर्चा झाली. पण स्टीफन यांची भाषा आणि चित्रे दोन्ही वाढली. तेव्हा चित्रे थांबतील या भीतीने वाक्‌उपचार टाळू नयेत. आणि चित्रे थांबलीच, तर मूल हरले असेही समजू नये.

हेही ध्यानात घ्यावे की प्रत्येक स्वमग्न मूल स्टीफन होत नाही. असे कौशल्य थोड्यांकडेच असते. चित्रकला हे स्वमग्नतेवरचे औषधही नव्हे. ते मुलाचे बोलणे आहे, आणि बोलणे ऐकायचे असते.

पालकांनी काय करावे?

(१) भिंतीचा एक भाग किंवा जुन्या कॅलेंडरची पाठ मुलाला देऊन टाकावी. चित्रे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी काढू द्यावीत.

(२) खडू पारदर्शक बरणीत, दिसतील पण हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत. मुलाने बोट दाखवले, खडूचे चित्र आणून दिले किंवा आवाज केला, की लगेच द्यावेत. मागितले की मिळते, हे कळणे ही संवादाची पहिली पायरी आहे. मूल रडून हैराण होईपर्यंत ताणू नये.

(३) तेच चित्र पुन्हा काढले तर रागावू नये. शेजारी बसून आपणही पंखा काढावा. पुढे त्याखाली खाट, खाटेवर आजी असे एकेक वाढवत जावे. मुलाने नको म्हटले तर थांबावे.

(४) चित्र न आवडणाऱ्या मुलाला माती, विणकाम, मणी ओवणे, कागदकाम देऊन पाहावे. काहींना चिकट हात सहन होत नाहीत. त्यांच्यावर सक्ती नको. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला मणी देऊ नयेत. रंग बिनविषारी असावेत.

(५) पाहुण्यांसमोर "काढून दाखव" असा आग्रह धरू नये. चित्रावर तारीख घालून ते जपून ठेवावे व तपासणीच्या वेळी सोबत न्यावे. अचानक काळी झालेली किंवा थांबलेली चित्रेही काही सांगत असतील. दुखणे, भीती, घरातला बदल यांचा शोध घ्यावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मूल वर्षाचे होऊनही नावाला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षापर्यंत बोटाने वस्तू दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, श्रवणशक्तीही तपासून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

तोवर खडूंचा डबा माळ्यावरून खाली आणा. तुमचे मूल पंखा काढत असेल, तर आज त्याच्या शेजारी बसून तो पंखा नीट पाहा. कदाचित ते तुमच्याशी बरेच दिवस बोलते आहे.