कोनाडा आधी, टाइल नंतर

पुण्यात मी फ्लॅटच्या अंतर्गत सजावटीची कामं करते. त्यातली बरीचशी जुन्या सोसायट्यांमधल्या बाथरूमची असतात. कोपऱ्यातलं काचेचं शेल्फ काही वर्षांत डुगडुगायला लागतं, स्टीलची जाळी गंजते. भिंतीतला कोनाडा मात्र भिंतीइतकाच टिकतो. म्हणून शॉवरशेजारी कोनाडा हवा, असं हल्ली बहुतेक घरांतून सांगितलं जातं. पण ते सांगितलं जातं टाइल्सचे बॉक्स घरात येऊन पडल्यावर. मला वाटतं, बाथरूमच्या भिंतीची आखणीच कोनाड्यापासून सुरू व्हायला हवी. कामं करताना जे कळत गेलं ते इथे लिहिते.

1. भिंत कसली आहे ते आधी बघा.

जुन्या इमारतींत आतली भिंत बहुधा चार इंची विटेची असते. तिच्यात साडेतीन इंच खोल कोनाडा खोदला तर पलीकडच्या बेडरूमचं प्लास्टर तेवढं शिल्लक राहतं. नव्या टॉवरमध्ये मायव्हान पद्धतीचं बांधकाम असेल तर भिंती काँक्रीटच्या, आत सळई, आणि इमारतीचा भार त्यांच्यावर. त्या फोडायच्या नाहीत, कितीही आग्रह झाला तरी. दोन्ही ठिकाणी उपाय एकच: मूळ भिंतीला हात न लावता तिच्यापुढे चार इंची ब्लॉकची भिंत उभी करायची आणि कोनाडा तिच्यात ठेवायचा. बाथरूम चार इंचांनी अरुंद होतं हे खरं, पण पाइपही त्याच भिंतीतून नेता येतात.

बाहेरच्या भिंतीत, त्यातही पश्चिमेकडच्या, मी कोनाडा करू देत नाही. नैऋत्येचा पाऊस चार महिने त्याच भिंतीवर आपटतो आणि आपण नेमकी तिचीच जाडी कमी करत असतो.

2. आंघोळ कोण, कशी करतं ते विचारा.

शॉवर आहे म्हणून घरातले सगळे उभ्यानेच आंघोळ करतात असं नाही. आपल्याकडे बादली आणि मग अजून सुटलेले नाहीत, सुटायचं कारणही नाही. उभ्या माणसाला कोनाड्याचा तळ साडेतीन-चार फुटांवर बरा पडतो. स्टुलावर बसून आंघोळ करणाऱ्या माणसाला मात्र तिथला साबण घ्यायला ओल्या फरशीवर उठावं लागतं, आणि म्हातारपणी बाथरूममध्ये पडण्यासाठी तेवढं निमित्त पुरतं.

एका घरी सुनेबरोबर कोनाड्याची उंची ठरवत होते. आजी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, वरचं तुमचं तुम्ही बघा. मला साबण इथे लागतो," आणि त्यांनी स्वतःच्या गुडघ्याच्या जरा वर हात धरून दाखवला. त्या घरात आम्ही दोन कोनाडे केले. तेव्हापासून घरात कुणी वयस्क असेल तर दुसऱ्या कोनाड्याचा विषय मीच काढते.

शॉवरच्या बरोबर समोर कोनाडा नको, फवारा थेट आत जाऊन साबणाचा चिखल होतो. डायव्हर्टरच्या भिंतीत गरम-गार पाण्याचे पाइप असतात, तिथेही नको. बाजूची भिंत उत्तम.

3. कोनाड्याच्या कडा टाइलच्या सांध्यावर आल्या पाहिजेत.

हे जमलं नाही तर बाकी कितीही महागाचं काम केलं तरी डोळ्याला खुपत राहतं. कोनाड्याच्या वर दोन बोटांची टाइलची चिंधी, खाली अर्धवट तुकडा, असं काम भिंत आधी आणि हिशेब नंतर झाल्याचं लक्षण.

हिशेब अवघड नाही. समजा टाइल 300 बाय 600 मिलिमीटरची आहे, आडवी लावायची आहे आणि स्पेसर 2 मिलिमीटरचा आहे. म्हणजे प्रत्येक थर 302 चा. अॅल्युमिनियमच्या सरळ पट्टीवर पेन्सिलने खुणा करायच्या: 302, 604, 906, 1208, 1510. पट्टी भिंतीला उभी धरली की टाइल न लावताही सगळे सांधे दिसतात. 1208 ते 1510 हा थर वरच्या कोनाड्याचा, तळ जवळजवळ चार फुटांवर. 604 ते 906 हा खालच्या कोनाड्याचा, दोन फुटांवर, म्हणजे आजींनी हात धरला होता साधारण तिथे. दोन्ही एक-एक टाइल उंचीचे, आणि शाम्पूची पंपाची मोठी बाटलीही आत उभी राहते.

दोन गोष्टी मिस्त्रींना स्वतः सांगाव्या लागतात. एक, माप तयार फरशीपासून धरायचं, कोब्यापासून नाही. भिंतीचा सगळ्यांत खालचा थर शेवटी लागतो, कारण तो फरशीच्या उताराप्रमाणे कापावा लागतो. म्हणून फरशीची पातळी आधी भिंतीवर आखून घ्यायची. दुसरी, कच्चं भोक मोठं ठेवायचं. चारही बाजूंनी आत टाइल आणि अॅढेसिव्ह मिळून 12-13 मिलिमीटर जागा जाते. 300 चं तयार माप हवं तर भोक 325 च्या आसपास.

कोनाडा पूर्ण टाइलच्या रुंदीचा, म्हणजे दोन फुटी असेल तर वर ग्रॅनाइटची किंवा आरसीसीची पट्टी टाकून घ्यावी. वरच्या विटा अधांतरी ठेवू नयेत.

4. दुकानातल्या दिव्यांखाली टाइल पसंत करू नका.

दुकानदार डार्क, लाइट आणि हायलाइटर असा तयार संच दाखवतो. हायलाइटर कोनाड्यात बसवला की झालं, असं सांगतो. मला तो पर्याय फारसा पटत नाही. फुलाफुलांचं चित्र बाटल्यांच्या मागे झाकलं जातं आणि संचाचा गडद-फिका रंग कोनाड्याच्या मध्येच बदलतो. भिंतीचीच टाइल आत घ्यावी, किंवा एक शांत, वेगळा रंग.

त्याआधी घरचं पाणी बघावं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर काळ्या चकचकीत टाइलवर क्षारांचे पांढरे ओघळ रोज दिसणार. खरखरीत पोताच्या टाइलवर साबणाचा थर चिकटतो. फिका रंग आणि गुळगुळीत मॅट, हे मला सगळ्यांत सोयीचं वाटतं. मोझेक मागच्या बाजूला चालेल, तळाला अजिबात नको. जितके सांधे तितकी घासाघीस.

भिंतीची साधी सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषते, पोर्सेलिन अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नाही. सपाट भिंतीवर सिरॅमिकचं ग्लेझ पाणी अडवतं. कोनाड्यात मात्र चारही कडा कापलेल्या असतात आणि कापलेल्या कडेला ग्लेझ नसतं. बजेट अडत असेल तर निदान कोनाड्याभोवती तरी पोर्सेलिन घ्या. ती पाणी पीत नाही म्हणूनच सिमेंटच्या लगद्यावर नीट धरत नाही, अॅढेसिव्हच वापरायचं.

5. तळ एकाच दगडाचा, एक सूत उताराचा.

ग्रॅनाइटचा सलग तुकडा, पुढची कड पॉलिश केलेली. उतार पुढच्या बाजूला, एक सूत पुरे. जास्त दिला तर साबण घसरतो. आधी मागची टाइल, मग तळ, मग छत आणि शेवटी दोन्ही बाजू, म्हणजे बाजूच्या टाइल्स छताला आधार देतात आणि तळाच्या दगडावर टेकतात. उतार पाण्याचे चार थेंब टाकून बघायचा, अॅढेसिव्ह ओलं असतानाच.

6. कडा.

45 अंशात घासून जोडलेली कड सुंदर दिसते, पण धारेचं ग्लेझ बाटली लागली की उडतं. कसबी हात असेल तरच ती करावी. नाहीतर स्टीलची प्रोफाइल पट्टी किंवा ग्रॅनाइटची चौकट. मुलांच्या बाथरूमला मी चौकटच सुचवते.

7. वॉटरप्रूफिंग कोनाड्याच्या आतही.

मिस्त्री भिंतीला कोटिंग मारतात आणि कोनाडा "नंतर टाइल लागणारच आहे" म्हणून सोडतात. टाइल आणि ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाहीत, आणि कोनाड्याच्या तळाशी पाणी रोज थांबतं. आतल्या सगळ्या कोपऱ्यांना फायबरची जाळी, त्यावर पॉलिमर कोटिंगचे दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट, आतल्या कोपऱ्यांत सिलिकॉन. साधं सिमेंटचं ग्राउट तिथे काळं पडतं.

8. कापलेला तुकडा फेकू देऊ नका.

दोन बाय चार फुटांची, संगमरवरी रेषांची टाइल असेल तर कोनाड्यासाठी तिच्यातून कापून निघालेला तुकडाच मागच्या भिंतीला लावायचा. भिंतीवरची रेष कोनाड्याच्या आत तशीच पुढे जाते. ब्लेडने खाल्लेले दोन-तीन मिलिमीटर सांध्यात मुरतात. कटर हातात घेण्याआधी तुकड्यावर वरच्या दिशेचा बाण काढून ठेवायला सांगा, नाहीतर तो राडारोड्याच्या पोत्यात जातो.

खरेदी करताना सगळ्या बॉक्सवरचा शेड नंबर एकच आहे ना ते बघा, आणि दहा टक्के टाइल्स जास्त घ्या. काम संपल्यावर उरलेल्यांतल्या तीन-चार, बॉक्सच्या त्या नंबरासकट, माळ्यावर ठेवा. पुढे पाइप गळला आणि भिंत फोडावी लागली तर तीच टाइल बाजारात मिळण्याची आशा धरू नका. मोरबीच्या कारखान्यांत डिझाइनं भराभर बदलतात.